कॅरॅव्हॅन ट्रेलरमधले जुने १२ व्होल्टचे बल्ब काढून एलईडी टाकायचेत. काय बघून घ्यावेत?

खारघरचा_डोंगर

नमस्कार मंडळी. मेव्हणा आणि मी, दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून एक सेकंडहँड कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतलाय. जीपमागे ओढायचा, दोन चाकांचा, आत चार माणसं झोपतील असा. एरवी उलव्याला मेव्हण्याच्या प्लॉटवर उभा असतो. त्याची स्वतःची १२ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तास) लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे, टपावर सोलर पॅनेल आहे, आणि जीपला जोडला की तिकडूनही चार्ज होतो.

दुखणं दिव्यांचं आहे. आधीच्या मालकाने जिथे जे मिळालं ते बसवलंय. छताला चार गोल दिवे, प्रत्येकात दोन बल्ब. गाडीच्या इंडिकेटरला असतो तसले, बाजूला दोन खुंट्या आणि बुडाला एक ठिपका, २१ वॅटचे. बंकच्या उशाशी वाचायचे दोन दिवे, त्यात बारीक दोन पिनांचे १० वॅटचे हॅलोजन. कपाटात दोन्ही टोकांना टोपी असलेले नळीसारखे बल्ब. दाराबाहेर एक काचेच्या बुडाचा. छताचे दिवे तासभर चालले की झाकणाला हात लावता येत नाही, आणि जेवणं आटोपेपर्यंत बॅटरी मान टाकते.

छतासाठी एका दुकानातून ‘१२ व्होल्ट एलईडी’ लिहिलेले आठ बल्ब आणले. पहिल्या रात्री झकास उजेड. पुढे काही लुकलुकायला लागले, दोन गेलेच. दुकानदार म्हणतो, तुमचं वायरिंग खराब. वायरिंग माहितगाराकडून तपासून घेतलं, ठणठणीत आहे. मग गोची कुठे आहे?

पारसिक_पलीकडे

वाचतोय. माझ्या डोक्यातही टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन घर करायचा किडा आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

घोडबंदरकर

एवढा खटाटोप कशाला? चार्जिंगचे बल्ब मिळतात, वीज गेली तरी चालू राहणारे. चार लटकवा. नाहीतर छोटा इन्व्हर्टर टाका आणि घरचे ९ वॅटचे बल्ब लावा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.

वागळेवाला

डोंगरदादा, तुमचं वायरिंग निर्दोष आहे. दोष त्या बल्बच्या खोक्यावरच्या ‘१२’ या आकड्याचा आहे.

ज्याला आपण १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो ती पूर्ण चार्ज होऊन निवांत पडली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. जीप चालू असताना अल्टरनेटर १३.८ ते १४.४ देतो. सोलर कंट्रोलर ऐन उन्हात चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात १४.४ च्या आसपास धरून ठेवतो. उतरती बॅटरी पार ११.५ पर्यंतही येते. म्हणजे बल्बाला साडेअकरा ते साडेचौदा एवढी सगळी चढउतार सोसायची असते.

आता स्वस्त बल्बात काय असतं ते बघा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तीन एलईडी एका ओळीत, म्हणजे ९ व्होल्टच्या थोडं वर, आणि उरलेले व्होल्ट खायला एक रेझिस्टर. १२ व्होल्टला रेझिस्टरच्या वाट्याला पावणेतीन व्होल्ट येतात. १४.४ ला पाच येतात. रेझिस्टरमधून जाणारा करंट त्याच प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट, आणि तोच करंट एलईडीतूनही जातो. रेझिस्टरमधली उष्णता तर तिपटीवर जाते. जुना फिलामेंटचा बल्ब असे दोन व्होल्ट पचवतो, थोडा जास्त लख्ख होतो, एवढंच. एलईडी ते सहन करत नाही. आतला चिप तापतो, सोल्डर सुटतो आणि लुकलुक सुरू होते. तुमची पहिली रात्र झकास गेली, कारण बहुधा ट्रेलर नुसत्या बॅटरीवर होता.

घ्यायचा तो बल्ब असा, की ज्यावर ‘१०–३० व्होल्ट डीसी’ किंवा ‘९–३० व्होल्ट’ लिहिलंय. त्यात आत छोटा ड्रायव्हर असतो, व्होल्टेज काहीही असो, एलईडीला करंट ठरलेलाच देतो. महाग पडतो. पण आठ बल्ब दोनदा घेण्यापेक्षा स्वस्तच.

घोडबंदरकर, इन्व्हर्टर काही न लावताही काही वॅट नुसता बसून खातो, आणि वर रूपांतरात घट. बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे आणि बल्बाच्या आत पुन्हा खाली आणायचे, हा द्राविडी प्राणायाम मिक्सरसाठी ठीक, दिव्यांसाठी नाही.

घोडबंदरकर

पटलं. चार्जिंगच्या बल्बांचं मात्र मागे घेत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात तेच कामाला येतात.

सीवूड्सची_साई

वागळेवाले, खोक्यावर १०–३० लिहिलेलं खरं कशावरून? छापायला काय जातं.

वागळेवाला

रास्त शंका. एक सोपी परीक्षा आहे. मल्टिमीटर करंटवर ठेवून बल्बाच्या ओळीत जोडा आणि व्होल्टेज बदलत बघा. खरा ड्रायव्हर असेल तर व्होल्टेज वाढलं की बल्ब बॅटरीतून घेतो तो करंट कमी होतो. ३ वॅटचा बल्ब १२ ला साधारण २५० मिलिअँपिअर घेईल, १४.४ ला २१० च्या आसपास. उजेड तोच. रेझिस्टरवाला असेल तर आकडा वर पळतो आणि उजेडही डोळ्यांना वाढलेला कळतो.

व्होल्टेज कमीजास्त करणारा सप्लाय घरी नसेल तर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर असतो. आमच्या वागळे इस्टेटात तर गल्लीगल्लीत. तेही नको असेल तर जीप बंद असताना एकदा मोजा आणि चालू करून एकदा. मीटर मात्र १० अँपिअरच्या खाचेत लावा, नाहीतर मीटरचाच फ्यूज जाईल.

जुना_वायरमन

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो, सध्या मुक्काम कळवा. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. बल्ब आणायला तुम्ही कळंबोलीला किंवा तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या दुकानांत जाल, तर तोंड उघडून ‘बारा व्होल्टचा’ असं सांगा. तिथलं गिऱ्हाईक ट्रकवाला आणि बसवाला, आणि मोठ्या ट्रक-बस २४ व्होल्टवर चालतात. तो न विचारता चोवीसचा देईल. होल्डर एकच असतो, आरामात बसतो. साधा चोवीसचा बल्ब बारावर मिणमिणतो, लोकांना वाटतं बॅटरी गेली. चोवीसचा एलईडी बारावर बहुतेकदा पेटतच नाही. १०–३० वाला घेतला तर मात्र हा प्रश्नच नाही, दोन्हीकडे चालतो.

दुसरी. एलईडी लावले म्हणून फ्यूज बदलायचा तर लहान करा, मोठा कधीच नाही. फ्यूज बल्बासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. तुमच्या आधीच्या मालकाने छताच्या दिव्यांना काय फ्यूज घातलाय ते आधी बघा. माझ्या अनुभवात अशा घरगुती बांधणीत फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा निघतो.

खारघरचा_डोंगर

काका, आत्ताच मेव्हण्याला फोन करून बघायला लावलं. फ्यूज आहे, ३० अँपिअरचा. वायर मात्र बारीकच दिसते म्हणाला.

जुना_वायरमन

काढा तो आजच. तुमचे सगळे छताचे दिवे जुन्या बल्बांवर मिळून १६८ वॅट, म्हणजे १४ अँपिअर. त्याला कुणीतरी तीसचा घातलाय. एलईडीनंतर तुमचा भार २ अँपिअर. ५ चा फ्यूज पुष्कळ.

तबला_आणि_तंबू

वा काका! हा धागा दिव्यांचा राहिला नाही, आता अग्निशमनाचा झाला.

येऊरवासी

रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनचा ‘कूल डेलाइट’ आत लावू नका. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं आणि ट्रेलरसारख्या चिमुकल्या जागेत डोळ्यांवर येतो. झोपायच्या भागात २७०० ते ३००० केल्विन, ओट्याजवळ हवा तर ४०००. खोक्यावर केल्विन लिहिलेलेच नसतील, नुसतं ‘व्हाइट’ असेल, तर तो निळसर निघणार असं धरून चाला.

आणि दाराबाहेरचा दिवा पिवळा किंवा अंबर घ्या. किड्यांना निळसर, अतिनील अंगाचा उजेड जास्त ओढतो. आम्ही जंगलाच्या कडेला राहतो. पाऊस सुरू झाला की पांढऱ्या दिव्याखाली जी फौज जमते ती पिवळ्याखाली जमत नाही. अजिबात येत नाहीत असं नाही, पण आमटीत पडायचे कमी होतात.

सीवूड्सची_साई

+१. शिवाय सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८० च्या वर. ९० मिळाला तर सोनं. कमी सीआरआयच्या उजेडात टोमॅटो आणि लाल भोपळा एकाच रंगाचे दिसतात, चिकन शिजलं की नाही तेही कळत नाही.

खारघरचा_डोंगर

हे सगळं सोनं आहे. आता होल्डरचं सांगा. दुकानात मागायचं काय? ‘खुंट्यांचा बल्ब’ म्हटलं की दहा प्रकार पुढ्यात ठेवतात.

वागळेवाला

जुना बल्ब खिशात घेऊन जा, हा पहिला नियम. तरी नावं लिहून देतो.

छताचा, एक ठिपका आणि समोरासमोर एकाच उंचीवर दोन खुंट्या: बीए-१५-एस. दुकानात ‘११५६’ किंवा ‘सिंगल कॉन्टॅक्ट’ म्हटलं तरी कळतं. याचा जुळा भाऊ ११५७, बुडाला दोन ठिपके आणि खुंट्या वरखाली. तो टेललॅम्प-ब्रेकचा, दोन फिलामेंटवाला. तुम्हाला तो नको. एक ठिपका असूनही खुंट्या तिरक्या कोनात असलेला एक येतो, तो अंबर इंडिकेटरचा, तोही नको.

वाचायच्या दिव्याचा: जी-४. दोन पिनांमधलं अंतर ४ मिलिमीटर. इथे घोटाळा मापाचा होतो. हॅलोजन करंगळीच्या पेराएवढा, आणि एलईडी एकतर चकतीसारखा येतो किंवा लांबडा. चकतीतही पिना पाठीमागून निघणारा आणि बाजूने निघणारा असे दोन प्रकार. दिव्याची वाटी किती खोल, किती रुंद, ते पट्टीने मोजून जा. ‘१२ व्होल्ट एसी/डीसी’ एवढंच लिहिलेले जी-४ घरातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी असतात, चार्जिंगच्या १४.४ ला ते टिकतीलच असं नाही. इथेही १०–३० च शोधा.

कपाटातला नळीसारखा: फेस्टून. टोकापासून टोकापर्यंत मोजायचा. ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटर ही नेहमीची मापं. ३९ आणि ४२ ही सापडतात, पत्ती थोडी वाकवून सांभाळून घेता येतात.

काचेच्या बुडाचा: वेज. बारीक असेल तर टी-१०, जाड असेल तर टी-१५, ज्याला परदेशी कॅरॅव्हॅनवाले ९२१ म्हणतात. तिकडच्या ट्रेलरांत छतालाही हाच सर्रास असतो, १८ वॅटचा.

एक टाळा: ‘कॅनबस’ लिहिलेले. नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर बल्ब गेला की ओरडतो. त्याला फसवायला या बल्बांत मुद्दाम वीज खाणारे रेझिस्टर घातलेले असतात. तुम्ही वीज वाचवायला एलईडी घेताय आणि हा ती आत जाळत बसणार. गरमही होतो.

कोपरखैरणे_नाका

जुन्या २१ वॅटच्या जागी किती वॅटचा एलईडी?

वागळेवाला

वॅट सोडा, लुमेन बघा, म्हणजे बल्ब प्रत्यक्ष उजेड किती देतो ते. असा बल्ब जुन्यात चार-साडेचारशे लुमेन देतो. पण तो चहूबाजूंना फेकतो, निम्मा उजेड छताकडेच जातो आणि उरलेल्यातला काही झाकण खातं. एलईडीत चिप खाली तोंड करून असेल तर २००–२५० लुमेनही भरपूर. म्हणजे ३ वॅट. मक्याच्या कणसासारखे चहूबाजूंनी चिप असलेले बल्ब दिसायला भारी, पण तुमच्या दिव्यात बल्ब आडवा बसतो, त्यातल्या निम्म्या चिपांचं तोंड पत्र्याकडे. एका बाजूने सपाट पाटी असलेला घ्या. मात्र खुंट्या अडकल्यावर पाटी खाली वळतेय ना, हे एक बल्ब आणून आधी बघा. आठ नंतर.

हिशेब: आठ बल्ब, तीन तास. जुन्यावर ५०४ वॅट-तास, म्हणजे ४२ एएच. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे तुमच्याकडे खर्चायला ५० च होते. त्यात पंखा आणि पाण्याचा पंप. बॅटरी मान टाकणारच! एलईडीवर तेच ६ एएच.

पारसिक_पलीकडे

हा आकडा बायकोला दाखवला. म्हणाली, "आधी गाडी तर दिसू दे."

तारापोरवाला_नव्हे

एक उपप्रश्न. आमच्या ट्रॅव्हलरमध्ये छताच्या कडेने एलईडी पट्टी आहे, मीटरवर विकतात ती. तीही अशीच जळत चाललीय, तीन-तीनचे तुकडे काळे पडतात. पट्टीत १०–३० मला मिळाली नाही.

वागळेवाला

तीन-तीनचे तुकडे म्हणजे वर सांगितलेलं तेच गणित. पट्टीसाठी वेगळा उपाय: आधी एक बक-बूस्ट कन्व्हर्टर, आत ९ ते १८ काहीही येवो, बाहेर ठाम १२. नुसता ‘बक’ घेऊ नका, बॅटरी १२ च्या खाली आली की तो १२ देऊ शकत नाही. पट्टी किती अँपिअर घेते ते मोजून त्याच्या दीडपट क्षमतेचा घ्या. लॅमिंग्टन रोडला मिळेल. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

ट्रान्सहार्बर_लोकल

रेडिओ ऐकणारं कुणी आहे का इथे? ड्रायव्हरवाले स्वस्त बल्ब एफएमवर खरखर आणतात. आमच्या ग्रुपच्या गाडीत दिवे लावले की आकाशवाणी गायब. दुकानात जाताना छोटा रेडिओ न्या, स्टेशन लावा, बल्ब पेटवून शेजारी धरा. दुकानदार हसेल, हसू दे.

वागळेवाला

बरोबर. आतला ड्रायव्हर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, फिल्टर नीट नसेल तर वायरचाच अँटेना होतो. बल्बाजवळच्या वायरवर फेराइटचा मणी चढवला तर थोडा फरक पडतो. बल्ब बदलणं उत्तम.

खारघरचा_डोंगर

आणि बाहेरचे? टेललॅम्प, इंडिकेटर, ब्रेक? एकाच दमात तेही उरकावं म्हणतो.

जुना_वायरमन

थांबा. आत काय हवं ते करा, बाहेर हात घालू नका.

टेललॅम्पची काच आणि रिफ्लेक्टर फिलामेंट नेमका जिथे असतो त्या जागेसाठी बनवलेले असतात. एलईडीचा उजेड तिथून निघत नाही, मग मागून बघणाऱ्याला दिवा लागलेला दिसतो पण ब्रेक मारल्याचा फरक कळत नाही. माळशेजला पावसाळ्यात धुकं असताना मागून ट्रक आला तर? लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला तर उजेड फिकट गुलाबी दिसतो, तेही वाईट. बाहेरच्या दिव्यांना मंजुरी लागते, ती बल्ब-काच मिळून अख्ख्या दिव्याची असते.

इंडिकेटरची आणखी एक कटकट. जीपचा फ्लॅशर २१ वॅटचा भार मोजतो. तिथे २ वॅटचा एलईडी आला की त्याला वाटतं बल्ब गेला, मग तो दुप्पट वेगाने टिकटिक करतो. लोक त्यावर भाराचा रेझिस्टर लावतात, तो एवढा तापतो की प्लास्टिक वितळतं. एलईडीच हवे असतील तर मंजुरीची खूण असलेला पूर्ण सीलबंद टेललॅम्प बसवा, आणि जीपला एलईडीचा फ्लॅशर. नसेल तर जुने बल्ब ठेवा आणि होल्डर साफ करा. खाडीच्या हवेत पितळेला हिरवं चढतं, ट्रेलरचे निम्मे रोग तिथलेच.

येऊरवासी

काका, होल्डर साफ कशाने करायचा? सॅंडपेपर?

जुना_वायरमन

बारीक सॅंडपेपर चालेल, बॅटरी काढून. मग पातळसा पेट्रोलियम जेलीचा हात. जीपची सात पिनांची जोडणी असते तिच्याही पिनांना.

खारघरचा_डोंगर

मंडळी, अपडेट. छतासाठी ११५६ चा सपाट पाटीवाला एक बल्ब आधी आणला, १०–३० व्होल्टचा, ३००० केल्विन. जीप बंद असताना २४० मिलिअँपिअर, चालू केल्यावर २१५. वागळेवाल्यांची परीक्षा पास. पण पहिल्यांदा लावला तेव्हा पेटलाच नाही. मीटर लावला तर त्या दिव्याच्या होल्डरमध्ये बुडाच्या ठिपक्याला निगेटिव्ह आणि बाहेरच्या कडेला पॉझिटिव्ह! जुन्या बल्बाला उलटसुलट सारखंच, म्हणून कधी कळलं नव्हतं. चारपैकी एकच दिवा असा उलटा जोडलाय, दोन वायरी अदलाबदल केल्या. आता बाकीचे सात मागवतोय. छताचा फ्यूज ५ चा घातला.

दाराबाहेरचा टी-१० अंबर मिळाला. तोही पेटला नाही, उपटून उलटा खोचल्यावर पेटला.

वागळेवाला

त्या उलट्या दिव्याची बॉडी धातूची आहे का, आणि पत्र्याला टेकते का? टेकत असेल तर आता पत्र्याला निगेटिव्ह आलंय. बाकी तीनांसारखंच झालं, म्हणजे चांगलंच. पण आधी पॉझिटिव्ह त्या कडेला होतं, तेव्हा मधला कागदी इन्सुलेटर शाबूत आहे का, तो ट्रेलरच्या चेसिसला शॉर्ट तर होत नव्हता ना, एकदा बघून घ्या.

खारघरचा_डोंगर

बॉडी प्लास्टिकची आहे, लाकडी फळीवर स्क्रू केलीय. पत्र्याशी संबंध नाही.

वागळेवाला

मग बिनधास्त. जी-४ चं काय झालं?

खारघरचा_डोंगर

वाटीची खोली १८ मिलिमीटर निघाली. बाजूने पिना निघणारी चकती बसेल असं दिसतंय. शनिवारी लोहार चाळीत जातोय, कुणाला काही आणायचं असेल तर सांगा.

तारापोरवाला_नव्हे

बक-बूस्ट तिथे मिळाला तर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एक माझ्यासाठी. पैसे लगेच पाठवतो. नेरूळ स्टेशनवर येऊन घेऊन जाईन.

ट्रान्सहार्बर_लोकल

तो लोहार चाळीत शोधू नका, तिथे दिव्यांचं सामान. बक-बूस्टसाठी लॅमिंग्टन रोडच. डोंगरदादा, तिकडून टॅक्सीने फार लांब नाही, पण शनिवारी दुपारच्या आत उरका.